तंतुकणिकांतील प्रथिनभंजक विकरे

तंतुकणिका, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया, यांच्या आत राहून प्रथिने कापणारी किंवा पार मोडून टाकणारी विकरे. यांना प्रोटिएज असेही म्हणतात. बिघडलेला माल हटवणे हे त्यांचे काम खरेच, पण त्यांना नुसते सफाईवाले समजणे चूक ठरेल. तंतुकणिकेची वाढसुद्धा यांच्या कात्रीवाचून होत नाही.

मराठवाड्यात रब्बीच्या पेरणीआधी घरच्या ज्वारीची उगवण तपासतात. शंभर दाणे ओल्या गोणपाटावर ओळीने मांडायचे, सुरळी करायची आणि काही दिवसांनी उलगडून मोड मोजायचे. तंतुकणिकांची वाढ या मोड फुटण्यातच दिसते. कोरड्या बीच्या गर्भात तंतुकणिका असतात, पण अर्धवट. आतल्या पडद्याच्या घड्या जेमतेम असतात. ओल लागली की त्या भरू लागतात. मका आणि भात यांच्या बियांत हा बदल टप्प्याटप्प्याने पाहिला गेला आहे.

या भरणीसाठी लागणारी बहुतेक प्रथिने बाहेरून, पेशीद्रवातून येतात. माणसाच्या तंतुकणिकेत हजाराहून अधिक प्रकारची प्रथिने असतात आणि तिच्या स्वतःच्या डीएनएवरून त्यांतली फक्त १३ बनतात. बाहेरून येणाऱ्या बऱ्याच प्रथिनांच्या टोकाला पत्त्याचा तुकडा असतो. मोंढ्यात उतरलेल्या पोत्यावरची चिठ्ठी फाडावी तसा तो आत शिरताच कापला जातो. हे काम ‘एमपीपी’ या विकराचे. वनस्पतींत तर एमपीपी सुटे नसतेच, ते श्वसनसाखळीतल्या, म्हणजे ऊर्जा काढणाऱ्या प्रथिन-संचांच्या रांगेतल्या, तिसऱ्या संकुलाचाच भाग असते.

आतल्या द्रवात ‘लॉन’ हे कड्याच्या आकाराचे विकर एटीपी (पेशीचे ऊर्जेचे चलन) खर्चून ऑक्सिडीकरणाने खराब झालेली प्रथिने गिळते. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या रोपात लॉन-१ नसेल तर बी उगवल्यानंतरची वाढ रखडते. आतल्या पडद्यावर ‘एएए’ गटाची दोन विकरे बसलेली असतात. एकाचे तोंड आत, दुसऱ्याचे बाहेर. आत तोंड असलेले विकर रायबोसोमचे (प्रथिने बनवणाऱ्या यंत्राचे) एक प्रथिन कापून तयार करते, तेव्हा कुठे तंतुकणिकेचा स्वतःचा प्रथिन-कारखाना चालू होतो. माणसात याच विकराच्या पॅराप्लेजिन या घटकात दोष असल्यास पायांत ताठरपणा वाढत जाणारा आनुवंशिक आजार होतो. हा संबंध १९९८ मध्ये उघड झाला. ताण वाढला की ‘ओमा-१’ हे विकर पडदे जोडणाऱ्या ‘ओपा-१’ प्रथिनाला कापते आणि लांब तंतूंसारख्या तंतुकणिकांचे तुकडे पडतात.

शेतीशी याचा आणखी एक धागा जुळतो. खेड्यात जिला नुसते ‘हायब्रीड’ म्हणतात त्या ज्वारीचे बियाणे नरवंध्य, म्हणजे कामाचे परागकण न देणाऱ्या, मादी-ओळीवर घेतले जाते. भारतातला असा पहिला ज्वारीचा वाण, सीएसएच-१, १९६४ मध्ये आला. हे वंध्यत्व आईकडून, तंतुकणिकेच्या जनुकांतून येते. राजम्याच्या कुळातल्या घेवड्यात तर असे वंध्यत्व आणणारे प्रथिन पानांत सापडतच नाही. तिथेही ते बनते, पण लॉनसारखे विकर ते लगेच मोडते. परागकोशात मात्र ते टिकून राहते आणि परागकण फोल निघतात.