पॅरोल रद्द होणे (अमेरिका)

शिक्षेची मुदत संपण्याआधी अटींवर सोडलेल्या कैद्याने अट मोडली, तर त्याला पुन्हा तुरुंगात धाडण्याची प्रक्रिया. महाराष्ट्रात पॅरोल ही घरचे आजारपण, मृत्यू अशा कारणांसाठी मिळणारी रजा असते. अमेरिकेतील पॅरोलवरचा माणूस मात्र उरलेली शिक्षा बाहेर राहून, अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली भोगतो.

पॅरोल रद्द करण्याचा अधिकार सहसा पॅरोल मंडळाचा. कॅलिफोर्नियात २०१३पासून तो मुख्यतः न्यायालयांकडे आहे. प्रकरण तिथवर न्यायचे की नाही, हे मात्र बऱ्याचदा पॅरोल अधिकारीच ठरवतो. त्याची खरी सत्ता इथे आहे. नवा गंभीर गुन्हा घडला तर त्याच्यापुढे फारसा पर्याय उरत नाही. पेच पडतो तो ‘तांत्रिक’ भंगात: हजेरी चुकवणे, न कळवता घर बदलणे, परवानगीविना राज्याबाहेर जाणे, लघवीच्या तपासणीत अमली पदार्थ आढळणे. नोकरी टिकवून असलेल्याची एखादी हजेरी चुकली तर ताकिदीवर भागू शकते. महिनाभर बेपत्ता असलेल्याविरुद्ध वॉरंट निघते. मूळ गुन्हा, आधीचे भंग आणि पीडिताला असलेला धोका पाहिला जातो. व्यसनमुक्तीचे उपचार, वाढीव हजेऱ्या, पायातला जीपीएस पट्टा हे मधले उपायही असतात. काही राज्यांत त्यासाठी गुणांचे तक्ते आहेत. तरी एकाच चुकीला दोन अधिकारी दोन न्याय लावू शकतात.

या सत्तेला लगाम बसला तो सर्वोच्च न्यायालयाच्या ‘मॉरिसी विरुद्ध ब्रूअर’ (१९७२) या निकालाने. आयोवातील मॉरिसीवर आरोप होते ते खोट्या नावाने मोटार घेतल्याचे आणि राहण्याचा पत्ता न कळवल्याचे. अधिकाऱ्याच्या अहवालावरून, सुनावणीविनाच त्याचा पॅरोल रद्द झाला होता. न्यायालयाने दोन टप्पे घालून दिले. अटकेनंतर लवकरच प्राथमिक चौकशी, तीही आरोप करणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतः न करता. मग अंतिम सुनावणी. लेखी आरोप, पुरावा पाहण्याची व साक्षीदारांना प्रश्न विचारण्याची संधी, निर्णयाची लेखी कारणे हे हक्क मिळाले. वकील मात्र प्रत्येकाला मिळेलच असे नाही, हे १९७३च्या ‘गॅग्नॉन’ निकालावरून दिसते. फौजदारी खटल्याइतका भक्कम पुरावाही लागत नाही. १९९८च्या एका निकालानुसार तर बेकायदा झडतीत सापडलेली वस्तूही या सुनावणीत चालते. हक्क दिले, पण हात राखून.

न्यूयॉर्कने २०२१च्या कायद्याने बहुतेक तांत्रिक भंगांसाठीचा तुरुंगवास जास्तीत जास्त ३० दिवसांवर आणला. रात्रीच्या संचारबंदीची अट मोडल्याबद्दल तर तुरुंगात पाठवता येत नाही.