कॉफीची ढेप का होते?

आषाढ लागला की वऱ्हाडातल्या स्वयंपाकघरात मिठाला पाणी सुटतं, पापड मऊ पडतात आणि इन्स्टंट कॉफीच्या बाटलीत चमचा ठणकन आपटतो. मग बोल बसतो कंपनीला.

इन्स्टंट कॉफी म्हणजे कॉफीचा सुकवलेला अर्क. कारखान्यातून निघताना त्यात पाणी जेमतेम ३ ते ५ टक्के असतं आणि तेवढ्या कोरडेपणामुळेच कण सुटे राहतात. हवेतला दमटपणा शोषला की कण चिकट होतात, शेजारच्याला धरतात आणि सगळ्यांची मिळून ढेप बनते. उष्मा जास्त असेल तर थोडा ओलावाही पुरतो.

हा ओलावा नुसत्या पावसाचा नसतो. गॅसवर दूध उकळतंय, त्यावरच बाटली उघडून आपण कॉफी टाकतो. वाफ सरळ आत जाते. चमचा बहुधा नुकताच दुधातून ढवळून काढलेला असतो. मे महिन्यातली गोष्ट आणखी गमतीची. अकोला-चंद्रपूरचा पारा ४५च्या वर, हवा कोरडी ठक्क, पण घरात कूलर. पाण्याची वाफ करूनच तो हवा गार करतो, त्यामुळे बाहेर नवतपा आणि आत पावसाळा! कूलरच्या झोतात ठेवलेली बाटली पहिल्या सरीआधीच धरते.

दळलेल्या कॉफीचं दुखणं वेगळं. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याला, आणि फिरायला गेलेली माणसं येताना पूड आणतात. तिची ढेप क्वचितच होते. तिचा वास जातो. भाजल्यावर बियांमध्ये शेकडो सुगंधी द्रव्यं तयार होतात, ती उडून जातात. बियांतल्या तेलाला ऑक्सिजन लागला की खवट चव येते. दळल्यावर हवेला कितीतरी जास्त पृष्ठभाग मिळतो, त्यामुळे अख्ख्या बिया आठवडे टिकतात तिथे पूड काही दिवसांतच फिकी पडते. ताज्या भाजलेल्या बिया कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात. पाकिटावरचं बारीक भोक त्याच्यासाठीच असतं. त्यातली झडप वायू बाहेर सोडते, हवा आत घेत नाही. पाकीट फाटकं समजून दुकानदाराशी भांडू नये.

उष्णतेने या सगळ्याला वेग येतो. म्हणून टिनाच्या छपराखालची वरची फळी सर्वांत वाईट, गॅसशेजारची त्याखालोखाल. कवेलूच्या घरातलं जमिनीलगतचं, अंधारं फडताळ उत्तम. माठाशेजारी मात्र नको. तिथे गारवा आहे, पण ओलही आहे. स्टीलच्या डब्याचं झाकण सहसा हवाबंद नसतं, त्यापेक्षा घट्ट फिरकीच्या झाकणाची छोटी काचेची बरणी बरी. बाटली अर्ध्यावर आली की उरलेली जागा हवेची, म्हणून तेव्हा कॉफी लहान बरणीत काढावी. खरं तर किराणा दुकानात माळेसारख्या टांगलेल्या छोट्या पुड्यांवर आपण उगाच नाक मुरडतो. एका वेळची कॉफी, बंद पुडीत: साठवणुकीचा प्रश्नच मिटला.

फ्रिजचा मोह अनेकांना होतो. गार बरणी दमट हवेत उघडली की आतल्या कॉफीवर दव धरतं. रोज काढ-घाल केली तर ओलावा रोज वाढतो. फ्रीझरमध्ये पूड छान टिकते, पण छोट्या हवाबंद पुड्या करून, आणि पुडी बाहेरच्या तापमानाला आल्यावरच फोडायची. ज्या गावात लाइन दिवसदिवस जाते तिथे या भानगडीत पडूच नये.

ढेप झालेली इन्स्टंट कॉफी बुरशी किंवा कुबट वास नसेल तर चालते. सुरीने खरवडून गरम पाण्यात विरघळवा. सुगंध थोडा कमी येईल. बुरशी दिसली तर वरचा थर काढून खालची वापरू नका, सगळी फेका.