ग्रीक-लॅटिनच्या सक्तीची कथा

अमेरिकेतल्या न्यू जर्सीतल्या एका जुन्या विद्यापीठाने २०२१ मध्ये ठरवले की ‘क्लासिक्स’ (प्राचीन ग्रीस-रोमचा अभ्यास) हा मुख्य विषय घेणाऱ्यांवर ग्रीक किंवा लॅटिन शिकण्याची सक्ती राहणार नाही. त्या भाषा शिकवणे बंद झाल्याच्या बातम्या फिरल्या. तसे काही झाले नव्हते, वर्ग चालूच राहिले. पण वाद पेटला आणि तो समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागते.

आधी शब्दाचा गुंता. लॅटिन ‘क्लासिकुस’ म्हणजे मालमत्तेच्या गणनेत सर्वांत वरच्या वर्गात बसणारा नागरिक. दुसऱ्या शतकातल्या एका रोमन लेखकाने तो शब्द दर्जेदार लेखकासाठी वापरला आणि त्याच्या समोर ‘प्रोलेतारिउस’, म्हणजे सर्वांत खालचा, मालमत्ता नसलेला नागरिक, ठेवला. आपण त्याला ‘अभिजात’ म्हणतो आणि त्याचाही मूळ अर्थ उच्च कुळात जन्मलेला असाच. दोन्ही शब्दांत कूळ-मालमत्तेचा वास आहे. फरक असा, की भारतात अभिजात हा दर्जा आहे, ३ ऑक्टोबर २०२४ ला तो मराठीलाही मिळाला. पाश्चात्त्य विद्यापीठांत मात्र ‘क्लासिक्स’ म्हटले की ग्रीस आणि रोमच. जुन्या मुंबई विद्यापीठात ‘क्लासिकल’ म्हणून संस्कृत आणि फारसीच्या रांगेत लॅटिनही होती, म्हणून आपल्याकडे हा घोळ अधिकच होतो.

भाषांमधल्या या ‘वरच्या वर्गा’ची, म्हणजे ग्रीक-लॅटिनची, किंमत किती होती, हे इंग्रज सरकारच्या मुलकी सेवेच्या परीक्षेत दिसते. १८५४ च्या आराखड्यात ग्रीक आणि लॅटिनला प्रत्येकी ७५० गुण, संस्कृत आणि अरबीला प्रत्येकी ३७५. हिंदुस्थानावर राज्य करायला निघालेल्यांची ही परीक्षा!

ऑक्सफर्ड-केंब्रिजला तर कोणताही विषय शिकायचा असला तरी ग्रीक यावीच लागे. १९०५ मध्ये केंब्रिजला ही सक्ती काढायचा ठराव आला, तेव्हा जुने पदवीधर, त्यांत गावोगावचे पाद्री, मुद्दाम मतदानाला आले आणि ठराव पडला. शेवटी पहिल्या महायुद्धानंतर केंब्रिजने १९१९ मध्ये आणि ऑक्सफर्डने १९२० मध्ये ती काढली. प्रवेशासाठी लॅटिन १९६० पर्यंत टिकली. ती अट गेल्यावर शाळांनाही लॅटिन ठेवण्याचे कारण उरले नाही.

धडपडणाऱ्या काही शिक्षकांनी तेव्हा रूपे घोकून घेणे सोडून गोष्टीतून लॅटिन शिकवायला घेतले. १९७० पासून निघालेल्या त्यांच्या पाठ्यपुस्तकाचा नायक पाँपेई या प्राचीन रोमन शहरातला एक सावकार आहे, खरोखर होऊन गेलेला. पहिला धडा: ‘कायकिलिउस एस्त पातेर. मेतेल्ला एस्त मातेर.’ पितर, मातर! संस्कृत शिकलेल्या मराठी मुलाला इथे अर्थ विचारावा लागत नाही. विद्यापीठांनीही शून्यापासून भाषा शिकवणारे अभ्यासक्रम सुरू केले आणि शाळेत लॅटिन नसलेल्यांसाठी दार उघडले. या सगळ्या इतिहासातले मला हे सर्वांत मोलाचे पाऊल वाटते.

२०२१ च्या निर्णयात दोन गोष्टी एकत्र झाल्या, आणि चर्चेत त्या कोणी फारशा वेगळ्या केल्या नाहीत. एक, विषय घेताना भाषा आधीच बऱ्यापैकी यायला हवी, ही अट असलेला अभ्यासक्रमाचा पर्याय रद्द केला. दुसरी, पदवी मिळेपर्यंत ती शिकण्याची अटही काढली. पहिल्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. महागड्या शाळेत लॅटिन झालेल्या मुलालाच पुढे जागा, हा अन्यायच होता. दुसऱ्याचे समर्थन करणारे म्हणतात की इतिहास, कला, राजकारण या अंगांनी येणारी मुले त्यामुळे विषयाकडे वळतील. वळतीलही. पण त्यांच्या हातून काय निसटेल, ते पाहावे.

होमरच्या ‘इलियड’ या ग्रीक महाकाव्याच्या नवव्या सर्गात रुसलेल्या अखिलेउस (अकिलीस) या योद्ध्याची समजूत घालायला तिघे जण निघतात: फोइनिक्स, आयास आणि ओडिसिउस. सोबत दोन भालदार. आणि होमर म्हणतो, ‘तो दे बातेन’, ते दोघे चालले. क्रियापद द्विवचनी आहे, संस्कृतच्या ‘अगच्छताम्’सारखे. तिघांसाठी द्विवचन कसे? फोइनिक्स पुढे गेला म्हणून? की जुन्या कथेत दोघेच होते आणि तिसरा मागून घातला गेला? की एका बाजूला सरदार आणि दुसऱ्या बाजूला भालदार, असे दोन गट धरायचे? प्राचीन पंडितांपासून आजपर्यंत यावर वाद चालू आहे. इंग्रजी भाषांतरात तिथे बहुधा नुसते ‘ते’ असते, कारण इंग्रजी क्रियापदाला द्विवचनच नाही. भाषांतरावर पदवी घेतलेल्या विद्यार्थ्याला ही ओळ अगदी सरळ वाटते आणि तो पुढच्या ओळीकडे वळतो.