विरघळणाऱ्या स्क्रूसाठी न मिसळणारी जोडी

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात 'बायोडिग्रेडेबल' छापलेली पिशवी मिळाली, की ती कुठेही फेकली तरी विरघळून जाईल, असा सर्रास समज आहे. तो चुकीचा आहे. अशा काही पिशव्यांत असणारं पॉलिलॅक्टिक आम्ल, म्हणजे पीएलए, भराभर कुजायला साधारण ५८ अंशांचं औद्योगिक खत-युनिट लागतं. मांडवीत ते वर्षानुवर्षं पडून राहील. तेच पीएलए शस्त्रक्रियेत वापरतात, कारण शरीरातलं पाणी त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या सावकाश तोडतं.

पण पीएलए ठिसूळ. ओढलं की साधारण ५ टक्के लांबतं आणि तुटतं. पॉलिकॅप्रोलॅक्टोन, म्हणजे पीसीएल, मऊ आणि खूप ताणलं जाणारं. म्हणून हाड जोडायच्या, शरीरातच विरघळणाऱ्या स्क्रूसाठी ८० भाग पीएलए, २० भाग पीसीएल असा विचार होतो. अडचण अशी, की ही दोन्ही एकजीव होत नाहीत.

लहान रेणू मिसळले की त्यांच्या संभाव्य मांडण्या प्रचंड वाढतात आणि ही वाढच त्यांना मिसळायला लावते. हजारो दुव्यांच्या साखळीत प्रत्येक दुवा शेजाऱ्याला बांधलेला, त्यामुळे हा लाभ जवळपास नाहीसा होतो. मग किंचित नावडही फारकतीला पुरते. पीसीएलचे थेंब पीएलएमध्ये अडकून राहतात. थेंब मायक्रॉनभर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे, असतील तर भेग तिथे अडते, माल चिवट होतो. वितळलेला माल रेंगाळला की थेंब जुळून मोठे होतात आणि तडा नेमका त्यांच्या कडेने जातो. यावर उपाय म्हणून दोन्हींचे तुकडे जोडलेली साखळी काही टक्के घालतात. तिचं एक टोक पीएलएत, दुसरं पीसीएलमध्ये रुततं.

दुसरी अडचण ओलीची, आणि गोव्याच्या जुलैत ती फार मोठी. पीएलएचे स्फटिकी दाणे ८० अंशांवर किमान ४ तास वाळवून ओल २५० पीपीएमखाली, म्हणजे दहा लाखांत २५० भागांखाली, आणावी. पीसीएल त्याच ट्रेमध्ये ठेवू नये. ते ६० अंशांनाच वितळतं आणि दाण्यांचा गोळा होतो. ते वेगळं, ४० अंशांवर, निर्वातात वाळवावं. ओल राहिली तर माल वितळवताना १९० अंशांवर पाणी साखळ्या कापत सुटतं, माल पातळ होतो, बुडबुडे येतात. १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हलाही, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रालाही, हा स्क्रू टिकत नाही. निर्जंतुकीकरण इथिलीन ऑक्साइड वायूसारख्या, कमी तापमानाच्या पद्धतीने करावं लागतं.

पीएलएची 'मक्यापासून बनलेलं, म्हणून निर्धोक' ही जाहिरात मानू नये. साखळ्या तुटून जाड तुकड्याच्या आत तयार झालेलं आम्ल बाहेर पडू शकत नाही, ते उरलेल्या साखळ्याही तोडतं आणि गाभा आधी पोखरतो. म्हणून चाचणीत शरीरासारख्या ३७ अंशांच्या, ७.४ पीएचच्या द्रावणात ठेवलेल्या स्क्रूचं नुसतं वजन पाहू नये. वजन घटण्याच्या खूप आधी ताकद जाते.