नाथसागरावर पक्षी पाहायला जाताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पैठणच्या सहलीची चौकशी करणारे बहुतेक ग्राहक आम्हांला सर्वांत आधी "दरवाजे उघडले का?" असे विचारतात. जायकवाडी धरण भरून त्याच्या 27 दरवाजांतून गोदावरीत पाणी सुटू लागले की मराठवाड्याला सणासारखे वाटते, त्यामुळे ही उत्सुकता आम्ही समजू शकतो. परंतु ज्यांना धरणामागच्या जलाशयावरचे, म्हणजे नाथसागरावरचे, पक्षी अभयारण्य पाहायचे आहे त्यांच्यासाठी नेमका हाच काळ सर्वांत कमी उपयोगाचा असतो. म्हणून गाडी ठरवण्यापूर्वी आपल्याला पाणी पाहायचे आहे की पक्षी, हे कृपया आधी निश्चित करावे. पुढील माहिती पक्ष्यांसाठी येणाऱ्यांकरिता आहे.

जायकवाडी हे मातीचे धरण असून त्याचा बांध सुमारे 10 किलोमीटर लांब आहे. 1965 मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि 1976 मध्ये लोकार्पण झाले. येथे गोदावरी डोंगराच्या घळीतून न येता सपाट प्रदेशातून येत असल्यामुळे अडवलेले पाणी खोल होण्याऐवजी दूरवर पसरले आणि सुमारे 350 चौरस किलोमीटरचा उथळ जलाशय तयार झाला. पाणपक्ष्यांना असाच उथळपणा लागतो. 1986 मध्ये हा परिसर अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याचे क्षेत्र 341 चौरस किलोमीटर असून ते छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगर या दोन जिल्ह्यांत विभागलेले आहे.

जलाशयाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून 1522 फूट आहे. पाणी त्या पातळीला असताना काठचा सगळा गाळ बुडालेला असतो आणि चिखलात चोच खुपसून खाणाऱ्या पक्ष्यांना उभे राहायलाही जागा उरत नाही. पुढे रब्बीची आवर्तने, म्हणजे पिकांसाठी कालव्यांतून ठरावीक पाळीने पाणी सोडणे, सुरू होतात. 208 किलोमीटरचा डावा कालवा परभणीच्या दिशेने आणि 132 किलोमीटरचा उजवा कालवा बीडच्या दिशेने पाणी नेऊ लागतो आणि जलाशय हळूहळू मागे सरकतो. काठाचा उतार अगदी मंद असल्याने पातळी थोडी जरी उतरली तरी गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो आणि त्यातील किडे, अळ्या व गोगलगायी पक्ष्यांच्या आवाक्यात येतात. शेतकऱ्याच्या पाण्याची पाळी आणि पक्ष्यांची पंगत अशी एकाच सुमारास येते. सामान्यतः डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने आम्ही सुचवतो. मात्र धरण काठोकाठ भरलेल्या वर्षी गाळ उशिरा उघडा पडतो आणि दुष्काळी वर्षी पाणी इतके दूर जाते की काठापर्यंत बरीच पायपीट करावी लागते. त्यामुळे तारीख ठरवताना कॅलेंडरइतकेच वर्तमानपत्रातील पाणीसाठ्याच्या आकड्याकडेही लक्ष द्यावे, असा आमचा आग्रह असतो.

या दिवसांत चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, शेकाट्या, चमचा, चित्रबलाक आणि हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब दिसण्याची चांगली शक्यता असते. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. परंतु त्यांचा दिवस आणि जागा आम्हांला आधी सांगता येत नाही, आणि तसे छातीठोकपणे सांगणाऱ्यावर आपणही विश्वास ठेवू नये.

छत्रपती संभाजीनगरहून पैठण सुमारे 50 किलोमीटर आहे. आमची गाडी पहाटे पाच वाजता निघते आणि ही वेळ आम्ही कोणासाठीही पुढे ढकलत नाही. पैठणच्या बाजूच्या काठावरून पश्चिमेकडे पाहताना सकाळी सूर्य पाठीशी असतो, त्यामुळे पक्ष्यांचे रंग स्पष्ट दिसतात आणि छायाचित्रेही चांगली येतात. अकरानंतर उन्हाची तिरीप पाण्यावर वाढते आणि पक्षीही विसावतात. दुर्बीण जरूर आणावी. कपडे मातकट किंवा हिरव्या रंगाचे असावेत. लाल-पिवळ्या शाली गाडीतच ठेवाव्यात.

फुगवट्याच्या, म्हणजे धरणामागे साठलेल्या पाण्याच्या, काठाने चालताना दोन गोष्टींचे भान ठेवावे. पहिली गोष्ट गाळाची. तो वरून वाळून भेगाळलेला दिसला तरी पोटात ओला असतो आणि पाय गुडघ्यापर्यंत आत जाऊ शकतो. म्हणून वाटाड्याच्या पावलावर पाऊल ठेवूनच चालावे आणि मुलांचा हात सोडू नये. दुसरी गोष्ट गाळपेराची. पाणी मागे हटलेल्या जमिनीवर आसपासचे शेतकरी पीक घेतात. चांगल्या छायाचित्रासाठी त्या पिकातून चालत जाणे आम्हांला मान्य नाही.

हे क्षेत्र वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 खाली संरक्षित असल्यामुळे प्रवेशाबाबत वनविभागाच्या सूचना पाळणे बंधनकारक आहे. परवानगीचे काम आम्ही करतो; त्यासाठी प्रत्येकाच्या ओळखपत्राची प्रत चार दिवस आधी द्यावी. ड्रोन आणू नये. पक्षी उडवण्यासाठी टाळ्या वाजवणे किंवा खडे मारणे असा प्रकार घडल्यास सहल तेथेच थांबवण्यात येईल. मासेमारांच्या थर्माकोलच्या चप्पूवर (लहान तराफ्यावर) बसण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु त्याला आमची संमती नाही. धरणाच्या बांधावर जाण्याची परवानगी वेगळी असते आणि ती या सहलीत समाविष्ट नाही.

दुपारी नाथ समाधी मंदिराचे दर्शन, पैठणीचे हातमाग किंवा ज्ञानेश्वरांचे जन्मस्थान असलेले आपेगाव यांपैकी एक ठिकाण घेता येते. तिन्हींचा आग्रह धरल्यास कोणतेच नीट पाहून होत नाही. फाल्गुन वद्य षष्ठीच्या सुमारास, म्हणजे नाथषष्ठीच्या यात्रेत, पैठणमध्ये दिंड्यांची मोठी गर्दी असते, म्हणून त्या दिवसांत आम्ही पक्षीसहली घेत नाही.

पाणीपातळीमुळे तारीख बदलावी लागल्यास भरलेली रक्कम पुढच्या तारखेस जमा धरली जाते. केवळ रोहित दिसला नाही, या कारणास्तव ती परत मिळत नाही.