पाऊल-पाऊल उडणारं केळं

गुरुत्वाकर्षण किती हवं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा एका खेळाने विचारलं. साल १९९४. आमच्या तालुक्याच्या गावात नुकताच निघालेला कॉम्प्युटर क्लास. चपला बाहेर काढून आत जायचं आणि एका यंत्रापुढे तिघांनी बसायचं. सर बाहेर गेले की कुणीतरी 'गोरिला' चालू करायचं. पडद्यावर उंच इमारतींची रांग, डावी-उजवीकडे एकेका गच्चीवर एकेक गोरिला, आणि त्यांच्या हातात फुटणारी केळी. आपली पाळी आली की कोन टाइप करायचा, वेग टाइप करायचा, एंटर दाबायचं आणि श्वास रोखून बघायचं. पण त्याआधी, खेळ सुरू होतानाच, तो विचारायचा: गुरुत्वाकर्षण किती? कंसात सूचना असायची, पृथ्वी म्हणजे ९.८. (एकक तिथे 'मीटर प्रति सेकंद' असं लिहिलंय, खरं तर मीटर प्रति सेकंद वर्ग हवं.) शाळेत गुरुत्वत्वरण शिकायला अजून वर्षभर अवकाश होता. पण तो आकडा १.६ केला की केळं भलतीकडे निघून जातं आणि २५ केला की जवळच कोसळतं, हे आम्हाला पाठ झालं होतं.

या मे महिन्यात पुतणी सुट्टीला आली, तेव्हा लॅपटॉपवर डॉसबॉक्स हा एम्युलेटर, म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम, टाकून मी तिला हाच खेळ दाखवला. तिने दोन केळी फेकली आणि विचारलं, "काका, हे केळं खरंच उडतंय, की आधीच काढलेलं कार्टून चालू होतंय?" प्रश्न फार चांगला आहे. त्याचं उत्तर देता देता दोघांची दुपार गेली, आणि तेच इथे लिहितो आहे.

आधीच काढलेलं त्यात काहीही नाही. केळं कुठे पडणार हे एंटर दाबण्याच्या क्षणी यंत्रालाही ठाऊक नसतं. हे इतक्या खात्रीने सांगता येतं, कारण हा खेळ उघडून वाचता येतो. १९९१ साली आलेल्या एमएस-डॉस ५.० या संगणक चालवणाऱ्या प्रणालीबरोबर मायक्रोसॉफ्टने क्यूबेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा दिली होती आणि तिचे नमुने म्हणून काही प्रोग्राम. त्यातलाच हा एक. संपूर्ण कोड साध्या मजकुरासारखा समोर येतो. माझ्या पिढीतल्या कितीतरी मुलांनी प्रोग्राम कसा दिसतो हे पहिल्यांदा इथेच पाहिलं.

त्या कोडमध्ये केळ्याच्या वाटेच्या दोनच ओळी आहेत. आडवं अंतर म्हणजे आडवा वेग गुणिले वेळ, अधिक वाऱ्याचा हिस्सा. उभं अंतर म्हणजे उभा वेग गुणिले वेळ, वजा अर्धं गुरुत्व गुणिले वेळेचा वर्ग. नववीच्या पुस्तकातलीच ही समीकरणं. वेळ शून्यापासून सुरू होते आणि दर खेपेला ०.१ ने पुढे सरकते. प्रत्येक सरकण्याबरोबर जुनं केळं पुसायचं, नवी जागा काढायची, तिथे केळं काढायचं. ४५ अंशांत ६० च्या वेगाने फेकलं आणि वारा नसला, तर केळं फेकलं त्याच उंचीवर परत येईपर्यंत खेळाच्या घड्याळात साधारण ८.७ सेकंद जातात. म्हणजे ८७ पावलं. तेवढ्यात ते ३६७ पिक्सेल आडवं जातं. पडद्याची रुंदी ६४०. कागदावर ६० चा वर्ग, म्हणजे ३६००, भागिले ९.८ करून बघा, तेच उत्तर येईल. पुतणीने केलं, आणि पुढचं केळं जरा विचार करून फेकलं.

वाऱ्याची गोष्ट मला याहून सुंदर वाटते. खऱ्या जगात वारा वस्तूला ढकलतो तो वस्तूच्या आणि हवेच्या वेगातल्या फरकामुळे. या खेळात मात्र वारा म्हणजे आडव्या दिशेचं कायमचं त्वरण: वाऱ्याचा आकडा भागिले ५. म्हणजे वारा हे इथे आडवं गुरुत्वाकर्षणच आहे! खालचं ९.८ आणि आडवं १ एकत्र केलं की एकूण ओढ सरळ खाली न राहता सहाएक अंश कलते. म्हणून वाऱ्यातसुद्धा केळ्याची वाट अन्वस्तच (पॅराबोला) राहते, फक्त अख्खी अन्वस्त वाऱ्याच्या बाजूला कललेली. यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. वारा पाठीशी असेल तर सगळ्यात लांब जाणारा कोन ४५ नसतो, त्याहून थोडा जास्त असतो. कललेल्या कोनाच्या निम्म्याने जास्त, म्हणजे ४८ च्या आसपास. वारा समोरून असेल तर तेवढाच कमी. आम्ही लहानपणी हे अंदाजपंचे दाहोदरसे शिकलो होतो. त्यामागे इतकं नीटनेटकं गणित असेल हे कोड वाचेपर्यंत मला माहीत नव्हतं.

४५ अंशांचा नियम खूप जुना आहे. इटलीतल्या निकोलो तार्तालियाने १५३७ मध्येच तोफेचा गोळा सर्वांत लांब ४५ अंशांत जातो असं मांडलं, आणि १६३८ मध्ये गॅलिलिओने दाखवलं की हवा नसेल तर गोळ्याची वाट अन्वस्त असते. 'हवा नसेल तर' या तीन शब्दांत मोठी अडचण दडलेली आहे. खऱ्या गोळ्याला हवेचा विरोध सतत होत असतो. तो विरोध वेगाप्रमाणे बदलतो, ध्वनीच्या वेगाजवळ तर एकदम वाढतो, आणि उंचीवर हवा विरळ झाली की कमी होतो. अशा वाटेचं एका ओळीचं सूत्र निघत नाही. मग एकच उपाय उरतो: छोटं पाऊल टाका, नवा वेग काढा, पुन्हा छोटं पाऊल टाका.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला प्रत्येक तोफेसाठी अशा हजारो वाटांची कोष्टकं हवी होती. टेबलावरच्या गणनयंत्राने एक वाट काढायला माणसाला सुमारे २० तास लागायचे. ही आकडेमोड मुख्यतः तरुण गणिती स्त्रिया करायच्या, आणि त्यांच्या हुद्द्याचं नावच 'कॉम्प्युटर' होतं. त्या कामाच्या ओझ्यातून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जॉन मॉकली आणि प्रेस्पर एकर्ट यांनी 'एनिऍक' बांधलं. जवळपास १८,००० निर्वात नळ्या, सेकंदाला ५,००० बेरजा. फेब्रुवारी १९४६ मध्ये ते जगापुढे आलं तेव्हा गोळ्याची वाट ते ३० सेकंदांत काढत होतं, गोळा प्रत्यक्ष उडून जमिनीवर पडायला लागतो त्याहून कमी वेळात. ते चालवण्याचे पहिले प्रोग्राम ज्या सहा स्त्रियांनी रचले, त्यांपैकी के मॅकनल्टी आणि बेटी स्नायडर यांची नावं मी पुतणीला मुद्दाम सांगितली. एनिऍक ज्यासाठी बांधलं ते काम म्हणजे 'कोन आणि वेग सांग, कुठे पडेल ते सांगतो' हेच. गोरिला तेच काम करतात.

केळं इमारतीला लागलं हे खेळाला कसं कळतं? माझी समजूत अशी होती की इमारतींची यादी कुठेतरी साठवलेली असेल, प्रत्येकीची रुंदी, उंची. तसं नाही. केळं जिथे पोचलं त्याच्या आसपासच्या पिक्सेलचा रंग खेळ पडद्यावरूनच वाचतो. मागच्या आकाशाचा रंग असेल तर पुढे जा. सूर्याचा असेल तर सूर्याला आश्चर्याने तोंड उघडायला लाव आणि पुढे जा. दुसरा कुठला रंग असेल तर धडक. स्फोट झाला की तिथे आकाशाच्या रंगाचं वर्तुळ रंगवायचं, झालं भगदाड. आता त्या भगदाडातून पुढचं केळं आरपार जाऊ शकतं, कारण तिथे खरोखरच 'काही नाही'. या खेळात चित्र हेच जग आहे.

आणि इथे एम्युलेटरचं खरं काम लक्षात येतं. आजचा प्रोसेसर, आजची चित्रांची पद्धत, आजची विंडोज यांच्यात तो जुना खेळ थेट चालत नाही. डॉसबॉक्स, जो २००२ पासून लोकांच्या हाती आहे, तो अख्खा जुना संगणक सॉफ्टवेअरमध्ये उभा करतो. चित्र नुसतं दाखवून भागणार नाही. त्या काळच्या ईजीए या चित्र दाखवणाऱ्या कार्डात ६४० गुणिले ३५० चा पडदा चार थरांत साठवलेला असे, प्रत्येक थर २८,००० बाइटचा. चारही थरांतला एकेक बिट मिळून एका पिक्सेलचा रंग ठरे. खेळ 'या ठिकाणी कुठला रंग आहे?' असं विचारेल तेव्हा एम्युलेटरने त्या चार थरांतून अचूक उत्तर द्यायला हवं. तिथे एक बिट चुकला तर केळं भिंतीतून निघून जाईल.

प्रोसेसरची नक्कलही पावलापावलानेच होते. जुन्या प्रोसेसरची एक आज्ञा उचलायची, तिचा अर्थ लावायचा, तिच्याने जे जे बदललं असतं ते बदलायचं, पुढची उचलायची. डॉसबॉक्समध्ये 'सायकल्स' नावाचा आकडा असतो. दर मिलिसेकंदाला अशा किती आज्ञा पार पाडायच्या, ते तो सांगतो. ३००० ठेवला तर सेकंदाला ३० लाख. कंट्रोल आणि एफ-११ दाबलं की कमी, कंट्रोल आणि एफ-१२ दाबलं की जास्त. त्यावर क्यूबेसिक स्वतःही दुभाष्याच आहे, बेसिकच्या ओळी घेऊन तो त्या प्रोसेसरला समजतील अशा करतो. तेव्हा केळ्याचं एक पाऊल म्हणजे बेसिकच्या काही ओळी, त्यांच्या पोटी जुन्या प्रोसेसरच्या शेकडो-हजारो आज्ञा, आणि त्यातल्या प्रत्येकीच्या पोटी आजच्या प्रोसेसरच्या आणखी आज्ञा. यंत्राच्या पोटात यंत्र, आणि सगळ्यात आत एक केळं.

आता वेगाची गंमत. त्या काळी यंत्रं वेगवेगळ्या वेगाची असायची, म्हणून हा खेळ सुरू होतानाच स्वतःची नाडी तपासतो. अर्धा सेकंद नुसते आकडे मोजतो, आणि किती मोजून झाले यावरून यंत्र किती चपळ ते ठरवतो. मग प्रत्येक पावलानंतर तेवढ्या प्रमाणात थांबतो: यंत्र जितकं चपळ, तितकी विश्रांती लांब. त्या दिवसांच्या यंत्रांना हा हिशेब चालून गेला. पण एम्युलेटरला सायकल्स भरमसाट दिल्या तर मोजणी प्रचंड येते, विश्रांती तशीच लांबते आणि केळं हवेत अडखळत, रेंगाळत जातं. उपाय असा की सायकल्स कमी करायच्या आणि खेळ पुन्हा सुरू करायचा. यंत्र हळू केलं की केळं वेगाने उडतं! पुतणीला हे पटेना. तिने दोन्ही बाजूंनी करून पाहिलं तेव्हा पटलं. कोडच्या सुरुवातीलाच एक आकडा ५०० ठेवलेला आहे आणि शेजारी टीप आहे की हा वाढवा, खेळ जलद होईल. तो बदलूनही काम होतं.

ही विश्रांती मोजायला खेळ ज्या घड्याळाकडे बघतो, ते सेकंदाला सुमारे १८.२ ठोके देतं. हा विचित्र आकडा आला कुठून? पहिल्या आयबीएम पीसीत १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा स्फटिक होता, म्हणजे अमेरिकी रंगीत टीव्हीच्या रंगसंकेताच्या बरोबर चौपट. त्यामुळे टीव्हीला जोडायचा सिग्नल स्वस्तात करता येई. स्फटिकाच्या त्या वारंवारतेला १२ ने भागायचं, मग ६५,५३६ ने, की उरतात १८.२. एम्युलेटरही हा ठोका निष्ठेने देत राहतो. अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीचा ताल आमच्या गावातल्या केळ्याला लागू होता, आणि आज या लॅपटॉपच्या आतही लागू आहे, हे कळल्यावर मी बराच वेळ त्या पडद्याकडे नुसता बघत बसलो होतो.

पाळीपाळीने खेळायचे खेळ एम्युलेटरवर इतके छान चालतात, याचं कारणही वेळच आहे. धावपळीच्या खेळात बटण दाबल्यावर जरा उशिरा हालचाल झाली तरी मजा जाते. इथे यंत्र वाट बघतं, माणूस विचार करतो, आणि कीबोर्ड एकाकडून दुसऱ्याकडे सरकवला जातो.

संध्याकाळपर्यंत पुतणीने स्वतःची रीत शोधली होती. कोन एकच ठेवायचा, वेग बदलायचा. एक केळं पलीकडे गेलं, एक अलीकडे पडलं, की पुढचं बरोबर मधल्या आकड्याने. प्रत्येक खेपेला अंतर निम्मं. तोफखान्यातले सैनिकही असाच लक्ष्याला दोन्हीकडून घेरत नेम लावतात, असं मी तिला सांगणार होतो, पण तोवर तिने चौथं केळं फेकलं होतं आणि माझ्या गोरिलाच्या जागी आकाशाच्या रंगाचं वर्तुळ उरलं होतं. खेळ पुन्हा सुरू झाला. गुरुत्वाकर्षण किती, या प्रश्नाशी ती क्षणभर थांबली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, मंगळावर किती असतं?"

मी सांगितलं, ३.७. तिने टाइप केलं.