केळीच्या पानातली काच

शेतीचा शोध कुठे लागला, असं विचारलं की शाळकरी पोरापासून स्पर्धा परीक्षावाल्यापर्यंत सगळ्यांचं उत्तर ठरलेलं: टायग्रिस-युफ्रेटिसचं खोरं, गहू आणि सातू. उत्तर चुकीचं नाही, अपुरं आहे. शेती म्हणजे धान्य, हे त्यात गृहीतच धरलेलं असतं. पेरणी, कापणी, मळणी, मग कणगी. कणगीच नसलेला शेतकरी आपल्या डोळ्यांपुढे येत नाही.

असे शेतकरी ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला असलेल्या न्यू गिनी बेटाच्या डोंगराळ मध्यभागात होते. वाघी नदीचं खोरं सुमारे १,५०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे महाबळेश्वरच्याही वर. या डोंगरांच्या आत माणसं राहत नसावीत, असं १९३० पर्यंत बाहेरचे लोक समजत होते. सोनं शोधत ऑस्ट्रेलियन तिथे पोचले तेव्हा त्यांना खोरंभर आखीव मळे दिसले. तरीही विद्वानांचा तर्क असा, की ही विद्या आशियातून कोणीतरी होडीतून आणून दिली असणार. पुढे १९६० च्या दशकात चहाच्या मळ्यासाठी चर खणताना काळ्या दलदलीच्या मातीत जुने, बुजलेले चर उघडे पडले. जॅक गोल्सन या पुरातत्त्वज्ञाने १९७२ पासून जवळच्याच कुक इथे पद्धतशीर उत्खनन सुरू केलं.

माणूस या डोंगरांत शेतीच्या कितीतरी आधी आला होता. इवाने खोऱ्यात, सुमारे २,००० मीटर उंचीवर, ४० हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची दगडी हत्यारं मिळाली आहेत. त्यांच्यावर कोनफळाच्या जातीच्या कंदांचे पिष्टकण आहेत आणि सोबत केवड्याच्या कुळातल्या झाडाच्या फळांची जळकी टरफलं. हे लोक कंद खणून खात होते, पण लावत नव्हते. (आदिमानव पिष्टमय काही खातच नव्हता, असं सांगणाऱ्या आहारगुरूंनी ही हत्यारं एकदा पाहावीत.)

मग लावायला कधी लागले? गहू असता तर जळका दाणा सापडला असता. रानगव्हाची ओंबी पिकली की आपोआप विखुरते, शेतातल्या गव्हाची विखुरत नाही. हा फरक दाण्याच्या बुडाशी दिसतो. पण केळ आणि अळू कुजून जातात. केळीचे परागकणसुद्धा मातीत टिकत नाहीत. टिकते ती पानातली काच, आणि या लेखाचा खरा विषय तोच आहे.

उसाचं पाचट हाताला कापतं, हे ज्याने ऊस तोडलाय त्याला ठाऊक आहे. ती धार सिलिकाची, म्हणजे वाळू ज्याची बनते त्याच द्रव्याची. मातीतल्या पाण्यात थोडी सिलिका विरघळलेली असते. मुळं पाणी ओढतात तेव्हा तीही वर चढते. पानातून पाण्याची वाफ होऊन जाते, सिलिका मागे उरते आणि पेशींच्या आत, पेशींच्या भिंतींवर काचेसारखी गोठते. पेशीचा जो आकार, तोच या कणाचा, साच्यात ओतल्यासारखा. याला फायटोलिथ म्हणतात. पान कुजतं, कण राहतो. बहुतेक कण केसाच्या जाडीपेक्षा लहान असतात. केळीच्या पानात शिरांच्या कडेने पेशींच्या रांगा असतात, आणि त्यातला कण वरून छाटलेल्या शंकूसारखा दिसतो, माथ्यावर खळगा. अगदी चिमुकला ज्वालामुखी.

प्रयोगशाळेत मातीतला सेंद्रिय भाग रसायनांनी जाळून टाकतात. उरलेला गाळ पाण्यापेक्षा दुपटीहून जड अशा द्रवात ढवळतात. साधी वाळू, म्हणजे क्वार्ट्झ, अधिक घन असल्याने तळाशी बसते आणि फायटोलिथ तरंगतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण मोजत बसायचं.

इथे एक पेच आहे. पानातल्या कणावरून केळ रानटी की लावलेली, हे नीट सांगता येत नाही. बियांमधले कण केळीचा गट ओळखायला अधिक उपयोगी, पण खाण्याजोगी केळ जितकी सुधारत गेली तितक्या तिच्या बियाच नाहीशा झाल्या! पुरातत्त्वज्ञ टिम डेनहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुकबद्दल २००३ मध्ये मांडलेला युक्तिवाद म्हणूनच मला फार आवडतो. सुमारे ७,००० ते ६,४०० वर्षांपूर्वीच्या थरात केळीचे कण भरपूर आहेत. त्याच थरात गवताचे कण आहेत, कोळसा आहे आणि जंगल मागे हटल्याच्या खुणा आहेत. वारंवार जाळलेल्या गवताळ माळावर केळ आपणहून एवढी माजत नाही. कोणीतरी मुनवे, म्हणजे बुंध्यालगतचे कोंब, काढून लावत होतं.

त्याच काळात दलदलीच्या कडेला मातीचे लहान लहान उंचवटे केलेले आहेत. आपल्या सरी-वरंब्याचंच तत्त्व: पायथ्याला ओल सोसणारं अळू, माथ्यावर पाय कोरडे लागणारी केळ. दगडी हत्यारांच्या धारेवर अळूचे पिष्टकणही सापडले. जलनिःसारणाचे रीतसर चर त्यानंतरचे, सुमारे ४,००० वर्षांपूर्वीचे.

कुकमध्ये १०,००० वर्षांपूर्वीचे खळगेही आहेत आणि मथळ्यांत नेहमी तोच आकडा झळकतो. ते माणसाने केले की पाण्याने, यावर वाद आहे. मी ७,००० वरच थांबेन. ‘जगातली पहिली शेती आमचीच’ असले फॉरवर्ड फिरवणाऱ्यांना हे पचणार नाही, पण शेती जगात निरनिराळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे सुरू झाली. शर्यत नव्हतीच, तर पहिला नंबर कुठून येणार?

आपला धागा मात्र पक्का आहे. जळगावची बसराई तीन गुणसूत्रसंचांची, म्हणून बिनबियांची. तिच्या वंशावळीत न्यू गिनीच्या रानकेळीचा मोठा वाटा आहे. दोन गुणसूत्रसंच जोडीने विभागतात. तीन असले की वाटणी बिघडते आणि बी धरत नाही. मग मुनव्यांवाचून गत्यंतर नाही, म्हणजे ही केळ माणसावाचून पसरूच शकत नाही.

कुकची ११६ हेक्टर जमीन २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथले कावेल्का लोक आजही त्याच जमिनीत मळे करतात. त्यात केळ आहे, अळू आहे. पण या डोंगरांचं आजचं मुख्य पीक रताळं आहे, आणि ते दक्षिण अमेरिकेतलं, इथे पोचून काही शतकंच झालेलं.